खावटी लावली म्हणजे नेमकं काय?

"तिनं खावटी लावलीय."

तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर अर्धा तास उभं राहिलं, की हे वाक्य एकदा तरी कानावर पडतं. पुस्तकात पोटगी, बोलण्यात खावटी आणि जुन्या कागदांत अन्नवस्त्र. तिन्ही शब्द पोटाशी जोडलेले, त्यामुळे लोकांच्या मनात हा विषय अजून दोन वेळच्या भाकरीपाशीच अडकलाय. देणाऱ्याला वाटतं, दोन-चार हजार टेकवले की सुटलो. मागणारीला कुणीतरी सांगितलेलं असतं, "काळजी नको, अर्धी इस्टेट मिळते." दोघंही निराश होऊन घरी जातात.

आधी इस्टेटीचंच बघू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथंच आहे. घटस्फोट झाला म्हणून नवऱ्याच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये किंवा त्याच्या वडिलोपार्जित जमिनीत बायकोला आपोआप हिस्सा मिळेल, असा कायदा महाराष्ट्रात नाही. ज्याच्या नावावर जे, ते त्याचं. फ्लॅट दोघांच्या नावावर असेल किंवा हप्ते तिनंही भरले असतील, तर तो वेगळा दावा. लग्नात आणि नंतर तिला मिळालेले दागिने, भेटी हे स्त्रीधन, ते मुळातच तिचं. ते परत मिळणं म्हणजे पोटगी मिळणं नव्हे, आणि "दागिने दिले की, आता पोटगी कसली?" हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही.

सावंतवाडीहून तासाभराच्या अंतरावर मात्र चित्र पार बदलतं. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि लग्न मोडलं की निम्मी-निम्मी होते. पेडण्याची मुलगी आणि बांद्याची मुलगी एकाच दिवशी घटस्फोट घेऊन बाहेर पडल्या, तर दोघींच्या हातात वेगवेगळी गोष्ट असेल. "अर्धी इस्टेट" ही अफवा कदाचित तिथूनच घाट चढून वर आली असावी. (हा आपला माझा तर्क. इंग्रजी मालिकांचाही हात असू शकतो.)

म्हणजे महाराष्ट्रात पोटगी हा मालमत्तेतला वाटा नाही. ती शिक्षाही नाही. लग्नात जी राहणी होती, तिच्या जवळपास जगता यावं यासाठी कमावणाऱ्या जोडीदारानं केलेली तरतूद, एवढंच तिचं रूप. त्यात जेवण आलं, तसं भाडं, औषधं, कपडे, प्रवास, मोबाइलचा रिचार्जही आला.

कुठल्या दारानं आत जायचं

पोटगी मागायचे रस्ते एकाहून जास्त आहेत आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

पहिला रस्ता ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याचा. हिंदूंसाठी १९५५ चा हिंदू विवाह कायदा. त्यातलं कलम २४ खटला चालू असतानाच्या पोटगीचं, म्हणजे अंतरिम; यात वकिलाचा आणि खटल्याचा खर्चही मागता येतो. कलम २५ घटस्फोटानंतरच्या कायमस्वरूपी पोटगीचं. या कलमातले काही शब्द फार महत्त्वाचे आहेत: हुकूमनामा देताना "किंवा त्यानंतर केव्हाही" पोटगी मागता येते. घटस्फोटाच्या वेळी नोकरी होती म्हणून काही मागितलं नाही, चार वर्षांनी आजारपणानं नोकरी गेली, तर दार बंद झालेलं नसतं. नोंदणी पद्धतीनं, विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांना त्याच कायद्यातली कलमं लागतात. ख्रिश्चन आणि पारशी जोडप्यांचे कायदे वेगळे, पण सोय तिथंही आहे.

दुसरा रस्ता धर्म न विचारणारा. वर्षानुवर्षं "एकशे पंचवीस" या नावानं तो ओळखला गेला, कारण फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याचा क्रमांक तो होता. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तो कलम १४४ झाला. वकील अजून "वनट्वेंटीफाइव्ह" च म्हणतात, त्यामुळे कागदावर १४४ दिसलं तर दचकू नका. या कलमात "पत्नी" या शब्दात घटस्फोट झालेली आणि पुन्हा लग्न न केलेली स्त्रीही येते. अर्ज ती स्वतः राहते त्या गावी करता येतो. सासर नाशिकला आणि माहेर उमरग्याला असेल, तर नाशिकच्या खेपा घालायची गरज नाही. २००१ पर्यंत मूळ केंद्रीय कायद्यानुसार या कलमाखाली महिन्याला ५०० रुपयांच्या वर पोटगी देताच येत नव्हती, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. ती मर्यादा त्या वर्षी काढून टाकली गेली.

तिसरा रस्ता २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा. तो फक्त स्त्रियांसाठी, आणि त्यात पैशाबरोबर राहत्या घराचंही संरक्षण मागता येतं. लग्न टिकून असताना झालेल्या छळासाठी घटस्फोटानंतरही तो वापरता येतो.

मग तिन्हीकडे अर्ज करून तिप्पट मिळते का? नाही. अर्ज करता येतात, पण एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे सांगावी लागते आणि ती वळती होते. आधीचा आदेश लपवला तर न्यायाधीशांचा विश्वास उडतो, आणि या प्रकरणांत तेच मोठं भांडवल असतं.

कुणाला मिळते, कुणाला नाही

कमावती असली तरी मिळू शकते. पगार १५ हजार आणि नवऱ्याचा दीड लाख, तर "ती कमावते" एवढ्यावर अर्ज उडत नाही. तिची कमाई हिशेबात धरून फरक काढला जातो. "ती शिकलेली आहे, कमावू शकते" हे तर त्याहून लंगडं. कमावण्याची पात्रता आणि प्रत्यक्ष कमाई या वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय. बी. एड. होऊन पंधरा वर्षं स्वयंपाकघरात गेलेल्या बाईला पंचेचाळिसाव्या वर्षी कोणती शाळा घेणार? उलट बाजूही सांगायला हवी. दोघांचे पगार सारखेच आणि मूलही नसेल, तर पोटगी नाकारली जाऊ शकते. नोटीस येताच नोकरी सोडणारे नवरे असतात, तशा अर्ज करण्याआधी राजीनामा देणाऱ्या बायकाही असतात. न्यायाधीशांना दोन्ही ओळखू येतं.

ती घर सोडून गेली म्हणून नवऱ्याला घटस्फोट मिळाला असला, तरी घटस्फोटित स्त्री म्हणून कलम १४४ चा (जुन्या १२५ चा) हक्क उरतो. पुनर्विवाह केला की मात्र पोटगी बंद होते.

मुस्लिम स्त्रियांच्या बाबतीत बरीच वळणं आली. १९८५ साली शाहबानो यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पोटगी दिली. पाठोपाठ १९८६ चा कायदा आला आणि हक्क इद्दतच्या (तलाकनंतर पुन्हा लग्न करण्याआधी स्त्रीनं थांबायच्या) काळापुरता आखडल्यासारखा झाला. २००१ मध्ये न्यायालयानं त्याच कायद्याचा अर्थ असा लावला, की इद्दतच्या काळात द्यायचे, पण पुढच्या आयुष्याला पुरतील एवढे द्यायचे. आणि जुलै २०२४ मध्ये सांगून टाकलं, की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला १२५ चा रस्ताही खुला आहे.

आणखी एक कोपरा, ज्याबद्दल गावात हळू आवाजात बोललं जातं. आधीचं लग्न कायम असताना पुरुषानं दुसरं लग्न केलं. कायद्याच्या लेखी ते लग्नच नाही. मग त्या दुसरीचं काय? २००४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं अशा स्त्रीसाठी जे शब्द वापरले, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्त्रीद्वेष्टे ठरवले आणि रद्दबातल विवाहातल्या जोडीदारालाही हिंदू विवाह कायद्याखाली पोटगी मागता येईल असं सांगितलं. द्यायचीच अशी सक्ती नाही, वागणूक आणि परिस्थिती पाहिली जाते. पण "लग्नच नव्हतं" म्हणून दारातूनच परत पाठवता येणार नाही.

आणि हो, नवऱ्यालाही मिळते. नांदेडच्या एका प्रकरणात १९९२ चं लग्न २०१५ मध्ये मोडलं. बायको शिक्षिका, नवऱ्याला उत्पन्न नाही. त्यानं घटस्फोटानंतर अर्ज केला. खालच्या कोर्टानं महिना ३,००० रुपये अंतरिम पोटगी दिली आणि २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं ती कायम ठेवली. हिंदू विवाह कायद्यात शब्द "पती किंवा पत्नी" असा आहे, म्हणून हे शक्य झालं. कलम १४४ खाली किंवा विशेष विवाह कायद्याखाली नवऱ्याला हे मागता येत नाही. तेव्हा धडधाकट माणूस "मला काम नाही" म्हणाला तर लगेच पोटगी मिळते, असं कुणी समजू नये. अंगमेहनत करून का होईना बायको-मुलांना पोसणं हे नवऱ्याचं कर्तव्य आहे, हे न्यायालयं पुन्हा पुन्हा सांगत आलीत.

आकडा कसा निघतो

सगळ्यांना एकच विचारायचं असतं: किती मिळेल? "पगाराच्या पंचवीस टक्के" हे उत्तर व्हॉट्सॲपवर फिरतं. ते अगदी हवेतलं नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानं, हातात येणाऱ्या पगाराच्या पंचवीस टक्के योग्य ठरेल असं म्हटलं होतं. पण तो त्या खटल्याचा अंदाज होता, गणिताचं सूत्र नव्हतं. त्याहून कमी आणि जास्त दोन्ही आदेश निघतात. मूल कुणाकडे आहे, लग्न किती वर्षं टिकलं, वय काय, आजार काय, तिनं घरासाठी नोकरी सोडली होती का, त्याच्यावर म्हातारे आईवडील अवलंबून आहेत का, दोघं कोणत्या राहणीचे होते, हे सगळं तराजूत पडतं. मुलांचा खर्च वेगळा मोजला जातो. तो आईच्या पोटगीत आपोआप धरलेला नसतो, म्हणून अर्जात वेगळा मागावा.

समजा, नवऱ्याच्या खात्यात दरमहा ८० हजार येतात. बायको पार्लरमध्ये १२ हजार कमावते, मूल तिच्याकडे. नवरा म्हणतो, साहेब, गाडीचा हप्ता १४ हजार, पर्सनल लोन ११ हजार, आरडी ५ हजार, उरतात ५०. न्यायालय सहसा हे ऐकून घेतं आणि बाजूला ठेवतं. पगारातून सक्तीनं कापला जाणारा आयकर, भविष्य निर्वाह निधी हे मान्य. स्वतः होऊन घेतलेलं कर्ज आणि स्वतःची बचत ही बायको-मुलांच्या आधी येत नाही.

नोकरदाराचं तरी सोपं. खरी कुस्ती दुकानदार, कंत्राटदार, बागायतदार यांच्या घरात. आयकर विवरणपत्रात उत्पन्न वर्षाला ४ लाख, दारात स्कॉर्पिओ, मुलीच्या बारशाला ८०० पानं. द्राक्षबाग भावाच्या नावावर, दुकानाचं लायसन आईच्या नावावर. माझं मत विचाराल तर पोटगीचा निकाल कलमांवर कमी आणि कागदांवर जास्त लागतो. घर सोडताना कपड्यांची पिशवी भरणारी बाई सातबाऱ्याची झेरॉक्स, पासबुकाच्या पानांचे फोटो, विम्याच्या पावत्या, मुलाच्या फीच्या पावत्या घेत नाही. त्या मनःस्थितीत कोण घेईल? आणि दोन वर्षांनी तेच कागद शोधायला पायपीट होते.

या लपाछपीला चाप लावणारा निकाल नागपूरच्याच एका जोडप्याच्या खटल्यातून आला. तिथल्या कुटुंब न्यायालयानं २०१५ मध्ये पत्नीला १५ हजार आणि मुलासाठी वेगळी अंतरिम पोटगी दिली होती. ते प्रकरण नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायालयानं सगळ्या देशासाठी नियमच घालून दिले. दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्जं, खर्च यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्याचा नमुनाही निकालाला जोडलाय, शेतकरी कुटुंबांसाठी वेगळा. खोटं लिहिलं तर खोट्या साक्षीची कारवाई होऊ शकते. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, निकालाच्या नव्हे. आधी तीन वर्षं तारखा लांबवणाऱ्याचा तीन वर्षांचा फायदा व्हायचा. आता त्याची थकबाकी साठत जाते.

समोरच्याचं प्रतिज्ञापत्र हातात आलं, की शांतपणे ओळ न् ओळ वाचावं. उत्पन्न महिना २० हजार आणि सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, गाडीचा हप्ता मिळून खर्च ४५ हजार, अशी रत्नं त्यात सापडतात.

एकदम की महिन्याला

सहमतीच्या घटस्फोटात खरी वाटाघाट इथं होते. नवऱ्याला एकदाच रक्कम देऊन मोकळं व्हायचं असतं, बायकोच्या माहेरच्यांनाही मोठा आकडा बरा वाटतो. तो आकडा महिन्यावर आणून बघावा. ३० लाख रुपये वर्षाला सात टक्के व्याजानं ठेवले, तर महिन्याला १७,५०० हातात येतात. मुद्दल शाबूत राहतं हे खरं, पण दहा वर्षांनी त्या १७,५०० ची किंमत काय असेल? आणि ते ३० लाख भावाच्या धंद्यात गेले, तर व्याजही नाही आणि मुद्दलही नाही. हे मी कुणाच्या भावावर संशय घेऊन म्हणत नाही. फार वेळा असं होतं म्हणून म्हणतो.

मासिक पोटगीचं दुखणं वेगळं: ती दर महिन्याला यावी लागते. तिचा फायदा असा, की परिस्थिती बदलली तर ती वाढवून किंवा कमी करून मागता येते. आदेशातच वाढीची सोय करून घेता येते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका घटस्फोटित पत्नीला महिना ५० हजार देताना दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ लावली. सहमतीच्या अटी लिहिताना हे एक वाक्य घालायला कागदाची एक ओळ लागते, आणि तीच बहुतेक जण विसरतात.

करातही फरक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९८३ च्या एका निकालानुसार एकरकमी पोटगी ही भांडवली प्राप्ती, म्हणून तिच्यावर आयकर लागत नाही. दर महिन्याची पोटगी मात्र उत्पन्नात धरली जाते. देणाऱ्याला दोन्ही बाबतींत वजावट नाही.

"मला आयुष्यभर काहीही नको" असं लिहून देण्याची घाई करू नये. पोटगीचा हक्क सोडून देणारी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये म्हटलंय. पण त्यावर विसंबून सही करणं म्हणजे पुढचा दावा स्वतःच्या हातानं अवघड करणं. आणि भरघोस रक्कम घेऊन पूर्ण समझोता केला असेल, तर न्यायालय तेही बघणारच.

आदेश झाला, पैसे कुठायत?

आदेशाची नक्कल हातात आली की पेढे वाटले जातात आणि तिसऱ्या महिन्यापासून पैसे यायचे थांबतात. मग वसुलीचा अर्ज. कलम १४४ खालच्या थकबाकीसाठी वॉरंट निघतं, मालमत्ता जप्त होऊ शकते, तरीही भरले नाहीत तर एक महिन्यापर्यंत तुरुंगवास. तुरुंगात जाऊन आलं म्हणून थकबाकी माफ होत नाही, हे नीट लक्षात ठेवावं. काही नवऱ्यांचा तसा समज असतो, आणि महिनाभर आत बसून आल्यावर तेवढीच रक्कम परत समोर उभी राहते.

नोकरदार असेल तर पगारावर टाच आणणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय. साध्या कर्जाच्या वसुलीत पगाराचा मोठा भाग कायद्यानं सुरक्षित असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात फक्त एक तृतीयांश सुरक्षित राहतो, बाकीच्यावर टाच येऊ शकते. नांदेडच्या त्या शिक्षिकेच्या प्रकरणातही थकबाकीसाठी दरमहा ५,००० रुपये पगारातून कापायला शाळेलाच सांगितलं होतं. शेतीवाडी असेल तर हिंदू विवाह कायद्यात पोटगीचा बोजा स्थावर मालमत्तेवर चढवायची तरतूद आहे. ती सुरुवातीलाच मागावी, नंतर जमीन विकली गेलेली असते.

वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. स्त्रीला तिथं मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. बाई पगारदार असली तरी.

आणि एक तारीख. कलम १४४ खाली थकलेल्या हप्त्याच्या वसुलीचा अर्ज, तो हप्ता देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. "आज देतो, उद्या देतो, दिवाळीला सगळे एकदम देतो" यात वर्ष निघून जातं आणि जुन्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. म्हणून कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, प्रत्येक महिन्याच्या चौकटीत लिहून ठेवायचं: आले, नाही आले. सलग तीनदा "नाही आले" दिसलं की दिवाळीची वाट न पाहता अर्ज टाकायचा.